झाशीचा खरादी

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे एक तलवार उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. १८५८ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत या शहराच्या तटावर जे घडले, त्याची स्मृती मराठी वाङ्मयाने शंभराहून अधिक वर्षे जपली आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ साली प्रसिद्ध केले. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांच्या हातून १९०७ साली छापला गेला. या दोन पुस्तकांनी झाशीचा किल्ला, तिथली महालक्ष्मी, तिथले मराठी वाडे आणि तिथला संहार हे सारे पुण्या-मुंबईच्या वाचकापर्यंत पोहोचविले. परंतु कोणतेही शहर केवळ राजा, राणी आणि तोफा यांचे नसते. ज्या खाटेवर माणूस निजतो तिचे खूर, ज्या पाळण्यात मूल जोजवले जाते त्याचे दांडे, पोळी लाटायचे लाटणे, सारीपाटाच्या सोंगट्या, मुलांचे भोवरे, बायकांचे कुंकवाचे करंडे, गुडगुडीची नळी हे सारे कोणीतरी घडविलेले असते. या वस्तूंचा घडविणारा इतिहासाच्या पानावर सहसा येत नाही. त्याचे आयुष्य कसे असे, त्याचे कौशल्य नेमके कशात होते आणि त्याचे नाव मागे का उरले नाही, हा या लेखाचा विषय आहे.

उत्तर हिंदुस्थानात लाकूड कातणाऱ्याला खरादी म्हणतात. अरबीतील 'खर्रात' हा शब्द फारसीच्या वाटेने हिंदुस्थानीत आला आणि बुंदेलखंडी बोलीतही रुजला. त्याच्याही आधीचे नाव कुंदेरा. संस्कृतात लाकूड कातण्याच्या यंत्राला 'कुंद' असा शब्द आहे आणि कुंदेरा हे त्याचेच अपत्य. आपल्याकडे या कारागिराचे नाव कातारी, त्याचे यंत्र चरक आणि त्याने केलेली वस्तू कातीव. मराठीत 'कातणे' या क्रियापदाने सूत काढणे आणि लाकूड फिरवून त्याला आकार देणे अशा दोन्ही क्रियांचा बोध होतो. वरवर पाहता या दोहोंत साम्य एवढेच की काहीतरी गरगर फिरते. परंतु संस्कृत धातुपाठात 'कृत्' हा धातू दोन ठिकाणी येतो, एकदा छेदनाच्या अर्थी आणि एकदा वेष्टनाच्या अर्थी. जुन्या चरकावर बसलेल्या कातार्‍याकडे पाहिले की हे दोन्ही अर्थ डोळ्यांपुढे एकत्र येतात. लाकडाभोवती दोरीचे वेष्टन असते आणि त्याच लाकडावर पटाशीचे छेदन चाललेले असते. व्युत्पत्तिशास्त्राचा निर्णय काही असो, भाषेने या धंद्याकडे बारकाईने पाहिले होते यात शंका नाही.

भाषेप्रमाणेच काव्यानेही पाहिले. झाशीपासून काही कोसांवर, दतिया जिल्ह्यात पहूज नदीच्या काठी उनाव येथे सूर्याचे प्रसिद्ध देवस्थान आहे. भाविक त्याला बालाजी म्हणतात. आसपासच्या बुंदेली गावांतून तेथे यात्रेला लोक लोटतात. याच सूर्याविषयी पुराणांत एक कथा आहे. सूर्याची पत्नी संज्ञा त्याचे तेज सहन न होऊन त्याला सोडून गेली. तेव्हा तिचा पिता विश्वकर्मा याने जावयाला आपल्या चरकावर चढविले आणि कातून कातून त्याचे तेज उतरविले. विष्णुपुराणाच्या मते त्याने आठवा भाग काढला. त्या कातकामातून जे तुकडे खाली पडले त्यांचे विष्णूचे चक्र झाले, शिवाचा त्रिशूळ झाला आणि इतर देवांची आयुधे झाली. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात, अवंतीच्या राजाला याच कातलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. पुढे सोळाव्या शतकात मलिक मुहम्मद जायसीने 'पद्मावता'त नायिकेच्या मानेचे वर्णन करताना ती जणू कुंदावर फिरवून काढली आहे असे म्हटले. आपल्या समीक्षेतही 'कातीव शब्दकळा' असा प्रयोग सर्रास होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. काव्याला कातलेली वस्तू दिसली आणि कातणारा देवही दिसला. कातणारा माणूस मात्र उपमेच्या पलीकडेच राहिला. पुराणातील विश्वकर्म्याच्या ढलप्यांचीसुद्धा आयुधे झाली. मर्त्य कातार्‍याच्या ढलप्या चुलीत गेल्या आणि त्याचे नावही त्यांच्याबरोबर गेले.

हा धंदा अतिशय प्राचीन आहे. इजिप्तमध्ये ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास झालेल्या पेटोसिरिसच्या कबरीत भिंतीवर दोन माणसे चरकावर काम करताना कोरलेली आहेत. त्यांपैकी एकजण दोरी ओढतो आणि दुसरा हत्यार धरतो. आपल्या देशात हीच दोन माणसांची रीत विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हॉल्ट्झाप्फेल घराण्याने कातकामावर अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. श्रीमंत हौशी लोकांसाठी ते अत्यंत गुंतागुंतीची यंत्रे बनवीत. परंतु त्यांच्या ग्रंथात हिंदी कातार्‍याच्या साध्या चरकाचे वर्णन आले आहे, आणि त्यात तुच्छतेपेक्षा नवलच अधिक आहे. हा कातारी आपले सारे सामान घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी येतो. अंगणात दोन खड्डे खणून त्यांत दोन आखूड खुंट रोवतो, दगड-पाचरी ठोकून ते पक्के करतो. प्रत्येक खुंटातून एकेक अणकुचीदार खिळा आत काढलेला असतो. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर या दोन अण्यांमध्ये तो लाकूड अडकवितो. हत्यार टेकण्यासाठी एक आडवी दांडी काथ्याने बांधली की चरक सिद्ध झाला. काम संपले की खुंट उपटायचे, खड्डे बुजवायचे आणि पुढच्या दाराकडे निघायचे. असा कारखाना कोठेही राहतो आणि कोठेच राहत नाही. पुराणवस्तुसंशोधकाला त्याचा अवशेष सापडणार तो कसा?

या चरकाची गती समजून घेतली पाहिजे, कारण कातार्‍याचे सारे आयुष्य त्या गतीत सामावलेले आहे. लाकडाभोवती दोरीचे दोन-तीन वेढे दिलेले असतात. समोर बसलेला मुलगा दोरीची दोन टोके दोन हातांत धरून आळीपाळीने ओढतो. त्यामुळे लाकूड एकदा कातार्‍याकडे फिरते आणि एकदा त्याच्यापासून दूर फिरते. पटाशी कापते ती लाकूड तिच्यावर येत असतानाच. ते उलटे फिरू लागले की हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. म्हणजे मुलाच्या श्रमांपैकी निम्मे वाया जातात आणि कातार्‍याचा निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो. पुढे, मागे, धर, सोड. ही लय हातात मुरली नाही तर पटाशी लाकडात रुतते आणि घेतलेल्या श्रमांचे मातेरे होते. छोट्या कामासाठी कातारी एकटाही बसतो. तेव्हा उजव्या हाताने तो धनुकली ओढतो, डाव्या हाताने पटाशीची मूठ धरतो आणि तिचे पाते पायाचा अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून चालवितो. पायाच्या बोटांना हाताच्या बोटांइतकी जाण येते. पडलेले हत्यार जवळ असेल त्या हाताने अथवा पायाने उचलण्याची या लोकांची सवय पाहून पाश्चात्त्य निरीक्षक चकित झाले. हत्यारांची संख्या पाहूनही ते चकित झाले, कारण ती इतकी थोडी होती. लाकूड ओबडधोबड तासण्यासाठी वाकस, मग एक सपाट पटाशी व एक गोल पटाशी एवढ्यावर आयुष्य निघे.

या आयुष्याचा आरंभ दोरीपाशी होतो. कातार्‍याचा मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की बापासमोर बसून दोरी ओढू लागतो. ही शिकवण्याची पद्धत वाटत नाही, पण तीच खरी शाळा होती. दोरी ओढताना मुलगा तासन्‌तास बापाचे हात आणि पाय पाहत असतो. पटाशी किती कललेली आहे, भुसा बारीक पडतो की लांब पट्टी सुटते, लाकूड गुणगुणते की किंचाळते, हे त्याच्या अंगात शब्दांवाचून उतरते. हत्यार जड झाले की दोरी जड होते आणि बापाची चूक मुलाच्या दंडाला आधी कळते. पुढे बारा-चौदाव्या वर्षी त्याच्या हाती पटाशी आली की तो नवशिका नसतो. त्याची निम्मी विद्या झालेली असते. मात्र या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या वयात इतर मुले धुळाक्षरे गिरवीत, त्या वयात हा मुलगा दुसऱ्याच्या कामाची गती पुरवीत होता. त्याचे बालपण त्या दोरीला बांधलेले होते, आणि ज्या भोवऱ्याला तो घडविण्यास मदत करी तो भोवरा बहुधा दुसऱ्या मुलाच्या हाती फिरे.

दुसरा धडा लाकडाचा. झाशीभोवतालचा प्रदेश खडकाळ आहे. तेथील जंगल सह्याद्रीच्या जंगलासारखे उंच व ओले नाही. करधई, धावडा, खैर, तेंदू, पळस, बाभूळ, मोह अशी कणखर झाडे तेथे वाढतात. करधई चिवट म्हणून हत्यारांच्या मुठींना योग्य. तेंदूच्या जुन्या खोडाचा गाभा काळा व जड असतो. परंतु कातकामाला विशेष प्रिय ते दुधीचे लाकूड, ज्याला आपण काळा कुडा म्हणतो. त्याची पोत इतकी बारीक असते की कातलेला पृष्ठभाग हस्तिदंतासारखा दिसतो आणि रंग त्यावर एकसारखा बसतो. लाकूड ओले असताना कातायला मऊ, पण सुकताना ते आक्रसते आणि वस्तूला तडा जातो. फार सुकले तर धार लवकर बोथट होते. म्हणून ओंडके तोडून, साल काढून, सावलीत महिनोन्‌महिने रचून ठेवावे लागतात. नेमके कोणत्या दिवशी लाकूड तयार झाले हे वजनावरून आणि ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखायचे. या ज्ञानाचा ग्रंथ नाही. इंग्रज सरकारने १८७८ साली आणि पुन्हा १९२७ साली वनांचे कायदे केले, जंगले राखीव झाली, आणि कातार्‍याला पूर्वी ज्या झाडापाशी कुऱ्हाड घेऊन सरळ जाता येत असे तेथे आता परवान्याचा किंवा व्यापाऱ्याचा आश्रय घ्यावा लागला. ज्याला लाकूड उभे असताना पारखता येत होते त्याला ते वखारीत पडलेले घ्यावे लागले. हा बदल कोणत्याही बखरीत नोंदला गेला नाही, पण कारागिराच्या पोटाला त्याची नोंद झाली.

तिसरा धडा लाखेचा. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात आणि त्यांच्या स्रावाचे कवच म्हणजे लाख. ती शुद्ध करून, तापवून, तीत रंग मळून कांड्या करतात. जुन्या काळी हिंगुळ, हरताळ, नीळ यांचे रंग वापरीत. कातून गुळगुळीत झालेले लाकूड चरकावर फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर रंगाचे कडे उमटते. मग ताडाच्या किंवा केवड्याच्या पानाचा तुकडा दाबून ती लाख सारखी पसरायची, तेलाचा हात फिरवून चकाकी आणायची. आगीची आणि कुंचल्याची येथे गरज पडत नाही. रंग वस्तूच्या स्वतःच्याच गतीने तिच्या अंगावर चढतो. यात दाब किती द्यावा हे मनगटाला कळावे लागते. दाब कमी पडला तर लाख धरत नाही, अधिक झाला तर जळते. पाळण्याच्या दांड्यांवर तांबडी, पिवळी आणि हिरवी वलये एकमेकांत न मिसळता शेजारी बसलेली आपण पाहतो, तेव्हा त्यांतील प्रत्येक सीमारेषा हा त्या मनगटाचा एक निर्णय असतो.

असा कारागीर जगत कसा असे? मराठी गावगाड्यात सुताराचे स्थान निश्चित होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ती व्यवस्था तपशिलाने नोंदविली. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याने कुणब्याचा नांगर, कुळव, गाडा सांभाळायचा आणि खळ्यावर आपला धान्याचा वाटा घ्यायचा. कातारी मात्र बलुतेदारांच्या रूढ यादीत नाही. त्याच्या वस्तूंवाचून शेती अडत नव्हती. पाळणा जन्माला लागतो, पाट-लाटणे लग्नाला लागते, खेळणे जत्रेला लागते. म्हणून त्याचे जगणे वर्षासनावर नव्हते. ते सणावर, लग्नसराईवर आणि बाजारावर होते. त्याला गावापेक्षा शहर हवे होते.

झाशी असे शहर बनले ते अठराव्या शतकात. ओर्छ्याचा बुंदेला राजा वीरसिंहदेव याने बांगरा टेकडीवर सतराव्या शतकाच्या आरंभी किल्ला बांधला. महाराजा छत्रसालाने बाजीराव पेशव्यांना आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिला आणि १७४२ साली नारो शंकर सुभेदार म्हणून झाशीस आले. त्यांनी किल्ला वाढविला आणि पायथ्याशी नगर वसविले. पुढे नेवाळकरांच्या काळात दक्षिणी ब्राह्मण, मराठे, बुंदेले, मुसलमान कारागीर, पुरबिये असे नाना तऱ्हेचे लोक त्या तटाच्या आत राहू लागले. मराठी कुटुंबांना पाळणा, देव्हारा, पाट हवे होते आणि बुंदेली कुटुंबांना खाटेचे खूर व चकला-बेलन. कातणारा हात कोणाचा आहे याची फिकीर दोघांनाही नव्हती. एकाच्या बोलीतला खरादी दुसऱ्याच्या बोलीत कातारी झाला एवढेच.

गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ साली संस्थान खालसा झाले आणि चार वर्षांनी सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले. त्यानंतरच्या लुटीचे वर्णन गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहून केले आहे. त्या प्रसंगात सोन्यानाण्यापासून साध्या संसारोपयोगी वस्तूंपर्यंत घरे कशी रिकामी झाली हे त्यातून दिसते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचाही नाश झाला, आणि त्या ग्रंथांसाठी भटजींनी हळहळ व्यक्त केली. ती हळहळ योग्यच आहे. परंतु जळलेल्या घरांत पाळणेही होते आणि खाटाही होत्या. पोथीचा नाश झाला तर तिचे नाव तरी आठवते. पाळणा जळाला तर तो कोणी केला होता हे विचारणारा कोणी उरत नाही. एका अर्थाने या कारागिरांच्या वस्तू इतिहासात येतात त्या नष्ट होतानाच.

पुढील काळात झाशीचे नशीब अनेकदा फिरले. १८६१ साली शहर शिंद्यांकडे गेले आणि इंग्रजांची छावणी व कचेऱ्या शेजारी राहिल्या. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी पुन्हा घेतली. छावणी आली की टेबल-खुर्च्या आल्या. त्या काळच्या विलायती फर्निचरला कातीव पायांचे मोठे वेड होते, आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्या कारागिरांना जमिनीवर न बसणाऱ्यांसाठी वस्तू घडविण्याचे काम मिळाले. त्यापाठोपाठ इंडियन मिडलंड रेल्वे आली. १८८९ पर्यंत झाशी हे मोठे जंक्शन बनले. १९०० साली तो मार्ग जी. आय. पी. रेल्वेच्या व्यवस्थेखाली गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाशीचा रेल्वे कारखाना हे शहरातील मोठे पोट भरण्याचे ठिकाण झाले. रेल्वेच्या कारखान्यांत लोखंडाचे ओतकाम करायचे तर आधी लाकडाचा नमुना, म्हणजे पॅटर्न, घडवावा लागतो. चाक, झडप, नळीचे तोंड यांचे गोल नमुने लेथवरच होतात. वाफेवर आणि नंतर विजेवर चालणारा हा लेथ एकाच दिशेने अखंड फिरतो. जुन्या चरकावर जो निम्मा वेळ वाट पाहण्यात जाई तो वाचला आणि समोरचा दोरी ओढणारा मुलगा अनावश्यक झाला.

या बदलाचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. मुलाची दोरीतून सुटका झाली हे चांगलेच झाले. त्याला शाळेत जाता आले तर यंत्राचे आभारच मानले पाहिजेत. कातार्‍याची पाठ सरळ झाली, तो उभा राहून काम करू लागला, दिवसाला कितीतरी अधिक नग उतरू लागले. परंतु दोरीबरोबर शाळाही गेली. मुलगा बापासमोर बसून वर्षानुवर्षे जे पाहत असे, ते पाहण्याला आता निमित्त राहिले नाही. विजेच्या लेथवर चूक झाली तर ती दुसऱ्या कोणाच्या दंडाला कळत नाही. धूळ मात्र पूर्वीपेक्षा अधिक उडते आणि ती छातीत जाते. आणि अधिक नग उतरले म्हणून अधिक पैसे मिळालेच असेही नाही, कारण तोवर बाजारात प्लॅस्टिक आले होते. भोवरा, खुळखुळा, करंडा हे सारे साच्यातून एका क्षणात पडू लागले. खाटेची जागा लोखंडी पलंगाने घेतली. कातार्‍याच्या हाती उरले ते लाटणे, आणि तेही वजनावर विकल्यासारखे.

काही ठिकाणी ही कला टिकली, आणि ती कोणाच्या नावाने टिकली हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी, भातुकली आणि फळे प्रसिद्ध आहेत. तेथील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफा आणि लाखकाम यांना राजवाड्यात आश्रय देऊन नवे जीवन दिले. शहरातील कारागिरांच्या वस्तीचे नाव चितार आळी. चितारी म्हणजे रंगविणारा. म्हणजे तेथेही वस्तीला नाव मिळाले ते रंगाचे, कातण्याचे नव्हे. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ज्यायोगे गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळते. माणसाच्या नावाचा तेथे प्रश्न येत नाही. झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर करवी लागते. अमृतराव पेशवे १८०३ नंतर त्याच परिसरात येऊन राहिले होते. या करवी-चित्रकूट भागात आजही दुधीच्या लाकडाची लाख चढविलेली खेळणी होतात. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ साली प्रत्येक जिल्ह्याचे एक उत्पादन निवडण्याची योजना आखली, तेव्हा चित्रकूटच्या वाट्याला लाकडी खेळणी आली. झाशीच्या वाट्याला आली ती कापडाची मऊ खेळणी. ज्या शहराच्या पोटात खरादीच्या पिढ्या गेल्या, त्याच्या अधिकृत ओळखीत आता लाकडाला जागा नाही. याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मऊ खेळणी शिवणारे हातही श्रमाचेच आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक होणार नाहीत.

तरीही कातार्‍याच्या विस्मरणाचे एक कारण त्याच्या कलेतच आहे. कोरीवकाम करणारा आपल्या हाताची खूण मागे ठेवू शकतो. त्याचे पान, त्याचा मोर, त्याची वळणे ओळखता येतात. कुंभाराच्या मडक्यावरही बोटाचा ठसा राहतो. कातार्‍याला मात्र हाताचा प्रत्येक ठसा पुसूनच काम पूर्ण करावे लागते. पटाशीचा ओरखडा दिसला तर काम कच्चे. खाटेचे चार खूर एकमेकांहून वेगळे दिसले तर काम कच्चे. चार खूर मापाने एकसारखे व्हावेत म्हणून तो आयुष्यभर झटतो, आणि ते एकसारखे झाले की पाहणाऱ्याला त्यांत माणूस दिसेनासा होतो. कौशल्य जितके पूर्ण, तितका कर्ता अदृश्य. यंत्राने केलेली आणि हाताने केलेली वस्तू यांत फरक दिसू नये हा यंत्राचा हेतू नंतरचा. कातारी त्या आदर्शापाशी शतकानुशतके आधीच जाऊन बसला होता, आणि म्हणूनच यंत्राला त्याची जागा घेणे सर्वांत सोपे गेले.

मग या माणसाचा इतिहास लिहायचा कसा? त्याची दप्तरे नाहीत, बखरी नाहीत, शिलालेख नाहीत. वस्तूच वाचावी लागते. जुन्या वाड्यातून, अडगळीतून एखादा कातीव पाळण्याचा दांडा किंवा खाटेचा खूर हाती आला, तर त्याची चकाकी क्षणभर बाजूला ठेवून त्याची दोन टोके पाहावीत. कापून टाकलेली नसतील तर प्रत्येक टोकाच्या बरोबर मध्यावर एकेक बारीक खड्डा सापडतो. चरकाच्या दोन अण्या ज्या ठिकाणी लाकडात रुतल्या होत्या त्या या जागा. सारा आकार, सारी वलये, सारी लाख या दोन बिंदूंभोवती फिरली. लाकूड चढविण्यापूर्वी हे मध्यबिंदू कातार्‍याने नजरेने ठरविले होते. ते केसभर चुकले असते तर वस्तू डगमगली असती. त्याने सारे ठसे पुसले, पण हे दोन पुसले नाहीत, कारण खुराचे टोक जमिनीला लागते आणि तेथे कोणी पाहत नाही.

झाशीच्या रेल्वे स्थानकाला २०२१ साली वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. त्या नावाला ते शहर पात्र आहे आणि ते नाव त्या शहराला पात्र आहे. राणीच्या शहराचा इतिहास लिहिताना तिच्या तलवारीचे वर्णन येईलच. त्याच इतिहासात एखादे पान, जमिनीपासून वीतभर उंचीवर फिरणाऱ्या त्या लाकडासाठीही राखून ठेवावे. त्याच्या एका बाजूला पायाच्या बोटांत पटाशी धरलेला एक माणूस बसला आहे, आणि दुसऱ्या बाजूला दोरी ओढणारा एक मुलगा. त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. त्यांचे काम मात्र आपण रोज 'कातीव' या शब्दात उच्चारतो.